आमूरच्या अल्याड-पल्याड

[दृश्य : गोठलेली आमूर नदी, पलीकडे रंगीत दिवे]

हा काठ रशियाचा, ब्लागोव्हेशचेन्स्क. समोर चीनचं हैहे. मधे जेमतेम पाऊण किलोमीटर पाणी, आणि हिवाळ्यात त्याचाही दगड होतो.

1858 च्या रशिया-चीनमधल्या आयगुन करारापर्यंत दोन्ही काठ चीनच्या चिंग बादशाहीचे होते. करार झाला, उत्तर काठ रशियाचा झाला, आणि तिथले चिनी जागचे न हलता परमुलखात गेले. 1900 च्या जुलैत, चीनमध्ये परकीयांविरुद्ध बॉक्सर उठाव पेटला त्या दिवसांत, इथल्या पोलिसांनी आणि कोसॅक घोडेस्वारांनी शहरातल्या चिन्यांना हाकत काठावर आणलं. पोहून जा म्हणाले. नाव एकही दिली नाही. हजारोंनी जीव गमावला.

[दृश्य : हार्बिन, बेकरीची खिडकी]

उलट्या दिशेनंही माणसं जात होतीच. व्लादिवोस्तोक या आपल्या पूर्वेकडच्या बंदराला जवळची वाट म्हणून रशियानं मंचुरियातून, म्हणजे चीनच्या ईशान्य भागातून, रेल्वे नेली आणि 1898 मध्ये हार्बिन वसवलं. 1917 च्या रशियन क्रांतीनंतर तिथं रशियन निर्वासितांची रीघ लागली. दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा हा गोल पाव बघा. याला इथं 'लिएबा' म्हणतात. मूळ रशियन शब्द 'ख्लेब'. आपला पाव नाही का पोर्तुगिजांकडून आला, तसंच.

पाव राहिला, रशियन पांगले. 1935 मध्ये ही रेल्वे मंचुरियातल्या जपानच्या अंकित सरकारला विकली गेल्यावर हजारो जण मायदेशी परतले. दोनच वर्षांत स्टालिनच्या पोलिसांनी त्यांना जपानचे हेर ठरवलं. कित्येकांना गोळ्या घातल्या.

[दृश्य : धक्का, चौकड्यांच्या फुगलेल्या पिशव्या]

1969 मध्ये सीमेवरच्या उसुरी नदीतल्या बेटावर सोव्हिएत आणि चिनी सैन्यं भिडली. नंतरची वर्षं सीमा जवळपास बंदच. 1987 मध्ये हैहेनं 208 टन कलिंगडं पाठवली, बदल्यात 306 टन खत आलं. कलिंगडांनी वाट उघडली म्हणायची!

मग आले पिशव्यांतून माल ने-आण करणारे 'चेल्नोक'. शब्दाचा अर्थ मागावरचा धोटा. इकडून तिकडे, तिकडून इकडे. माल चिनी व्यापाऱ्याचा, पिशवी रशियन प्रवाशाची, कारण प्रवाशाला ठरावीक वजनापर्यंत जकात नाही. अशा ओझेवाल्याला इथं 'किर्पिच' म्हणतात. वीट!

मॉस्कोतली वर्तमानपत्रं मात्र वेगळंच भय घालत होती : रशियाच्या अतिपूर्वेत माणसं ऐंशी लाखांच्या आसपास, समोरच्या एकट्या हेलोंगजियांग प्रांतात तीन कोटींवर, चिनी सायबेरिया गिळणार. अहो, मजूर पगारासाठी येतो. 2014 मध्ये रुबल घसरला, पगाराचे युआन कमी झाले, तसे बरेच चिनी घरी निघाले.

[दृश्य : हैहे, रशियन पाट्यांची दुकानं]

2022 च्या जूनमध्ये या दोन शहरांना जोडणारा आमूरवरचा पूल मालवाहतुकीला खुला झाला. 2025 च्या सप्टेंबरपासून चीननं रशियनांना तीस दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला.

त्याच्या कितीतरी आधी काही रशियन पेन्शनरांनी आपलं गणित मांडलं होतं. ब्लागोव्हेशचेन्स्कमधलं घर भाड्यानं द्यायचं, हैहेत स्वस्तातलं घ्यायचं, उरलेल्या पैशांत भाजी, औषधं भागवायची. संध्याकाळी काठावर फिरायला आलं, की समोर आपलंच शहर.