आरमार आहे, समुद्र नाही

नमस्कार श्रोतेहो. आज बोलिव्हिया. दक्षिण अमेरिकेच्या पोटातला देश. चांदी, कथील, जस्त, नैसर्गिक वायू, शिवाय उयुनीच्या खाऱ्या मैदानात लिथियम. नाही तो फक्त समुद्र. माल घरचा, बंदर परक्याचं. एवढं ध्यानात ठेवा.

समुद्र होता हो! आज चिलीत असलेलं अंतोफागास्ता बंदर तेव्हा यांचंच. तिथल्या वाळवंटातला सोरा, म्हणजे खताला नि दारूगोळ्याला लागणारा क्षार, चिलीची कंपनी काढायची. करवाढ करणार नाही, असा करार 1874 साली झालेला. तरी 1878 मध्ये बोलिव्हियानं क्विंटलमागे 10 सेंटाव्हो कर बसवला. चिल्लरच म्हणायची, आणि तिथला क्विंटल आपल्या निम्म्याहून कमी! कंपनी भरेना, म्हणून तिच्या मालमत्तेचा लिलाव पुकारला. लिलावाच्याच दिवशी, 14 फेब्रुवारी 1879 ला, चिलीचे सैनिक बंदरात उतरले. माझं जुनं मत आहे, भूगोलाचा तास इतिहासाच्या मास्तरांनीच घ्यावा. आणि डबा खाल्ल्यावर नको, पोरं पेंगतात. असो. सव्वा महिन्यात चिलीची फौज कालामा गावाशी आली. गावाकडून सव्वाशे-दीडशे माणसं, समोर पाचशेच्या वर. नदीच्या उतारावर एदुआर्दो आबारोआ. शिपाईगडी नव्हे, व्यापारी माणूस. जखमी झालेला. 'शरण ये' म्हटल्यावर तो म्हणाला, असं सांगतात, "मी शरण? तुझ्या आजीला सांग शरण यायला!" पुढे एक शिवीही आहे, ती रेडिओवर चालत नाही. तिथंच तो मारला गेला. तारीख 23 मार्च. दरवर्षी त्या दिवशी बोलिव्हियात 'समुद्र दिन' पाळतात, आरमार संचलन करतं. हो, आरमार! तितिकाका सरोवरात असतं ते.

1904 च्या तहानं किनारा कायमचा गेला. बदल्यात चिलीच्या बंदरांतून मुक्त वाहतुकीचा हक्क आणि चिलीचं आरिका बंदर ते बोलिव्हियातलं ला पाझ शहर अशी रेल्वे, ती 1913 मध्ये सुरू झाली. आता ट्रक जातात, साडेचार हजार मीटरांहून उंच तांबो केमादोच्या खिंडीतून. पलीकडे चिलीच्या कस्टम्सवाल्यांनी संप केला की रांग लागलीच. ड्रायव्हर थंडीत केबिनमध्येच झोपतात. पुन्हा तेच, माल घरचा, बंदर परक्याचं. 2003 मध्ये चिलीच्या बंदरातून वायू विकायचं घाटत होतं, तर लोक रस्त्यावर उतरले आणि राष्ट्राध्यक्ष सांचेस दे लोसादांना खुर्ची सोडावी लागली. 2018 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानंही सांगितलं, बोलिव्हियाला समुद्राची वाट देण्यासाठी वाटाघाटीला बसायचं बंधन चिलीवर नाही.

सोन्याला तेवढं बंदर लागत नाही, ते विमानानं जातं. आणि गेल्या काही वर्षांत त्याचं मोठं गिऱ्हाईक कोण? आपणच, भारत. नमस्कार.