प्लेटलेट किती, आणि प्लेटलेट चिकटतात का

नमस्कार श्रोतेहो. पावसाळा ओसरू लागला की नागपुरात घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : प्लेटलेट किती आल्या? प्लेटलेट म्हणजे जखमेवर चिकटून रक्त थांबवणारे, रक्तातले अगदी बारीक कण. मेडिकल रुग्णालय असो वा मेयो रुग्णालय, डेंग्यूच्या रुग्णाचे नातेवाईक रिपोर्ट हातात पडताच आधी तोच आकडा शोधतात. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, हे आता बहुतेकांना पाठ झाले आहे. प्लेटलेट चिकटतात कशा आणि कुठे, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही, म्हणून आज त्याविषयी बोलतो.

रक्तवाहिनीचे आतले अस्तर शाबूत असते तोवर प्लेटलेट त्याला चिकटत नाहीत, कारण ते अस्तर प्रोस्टासायक्लिन आणि नायट्रिक ऑक्साइड ही द्रव्ये सोडून त्यांना शांत ठेवते. विळीवर बोट कापले की अस्तर फाटते आणि त्याखालचे कोलॅजन, म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीतले तंतुमय प्रथिन, उघडे पडते. रक्तात वॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचे एक लांबलचक प्रथिन असते, जे एरवी लोकरीच्या गुंड्यासारखे गुंडाळलेले असते. ते या कोलॅजनला अडकते, वरून वाहणाऱ्या रक्ताच्या जोराने उलगडते आणि वेगाने जाणाऱ्या प्लेटलेटना धरून ठेवते. धरली गेलेली चपटी प्लेटलेट आकार बदलते, पसरते, आणि मग इतर प्लेटलेट तिला येऊन जुळतात. पुन्हा सांगतो : आधी कोलॅजन, मग हे प्रथिन, आणि मग प्लेटलेट.

रक्तपेढीत प्लेटलेटच्या पिशव्या फ्रीजमध्ये ठेवत नाहीत. त्या २० ते २४ अंश सेल्सिअसला, सतत हलणाऱ्या फळ्यांवर ठेवतात. अशी पिशवी उजेडात धरून अलगद हलवली की पिवळसर द्रवात चमकदार लाटा फिरताना दिसतात. प्लेटलेटचा चपटा आकार टिकून असल्याची ती खूण असते.

आता एक हकीकत सांगतो, जी मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत आलो आहे. फिनलंड आणि स्वीडन यांच्यामधल्या समुद्रात ऑलंड नावाची बेटे आहेत. तेथील एका पाच वर्षांच्या मुलीला १९२४ साली हेलसिंकी येथे एरिक वॉन विलेब्रँड या डॉक्टरांकडे आणले गेले. तिचे रक्त लागले की थांबत नसे. तिसऱ्या वर्षी ओठाला जखम झाली तेव्हा ती जवळजवळ बेशुद्ध पडली होती, आणि तिच्या चार बहिणी लहानपणीच रक्तस्रावाने दगावल्या होत्या. डॉक्टरांनी तिचे रक्त तपासले, तर प्लेटलेटची संख्या उत्तम होती. श्रोतेहो, हे लक्षात ठेवा : संख्या उत्तम होती. नळीत घेतलेले रक्तही वेळेवर गोठत होते. पण त्वचेला टोचले की एरवी काही मिनिटांत थांबणारे रक्त तिच्या बाबतीत थांबायचे नाव घेत नसे. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार म्हणावा, तर तो प्रामुख्याने मुलग्यांना होतो आणि येथे तर मुली मरत होत्या. डॉक्टरांनी त्या घराण्याची माहिती माणूस माणूस करून जमवली. ६६ जणांपैकी २३ जणांना हा त्रास होता आणि त्यांत स्त्रिया अधिक होत्या. १९२६ साली त्यांनी हा वेगळा, आनुवंशिक आजार असल्याचे लिहिले. ती मुलगी मात्र वाचली नाही. तेराव्या वर्षी, चौथ्या मासिक पाळीत झालेल्या रक्तस्रावाने ती गेली.

दोष कुठे होता, हे कळायला १९२६ नंतर तीन दशके जावी लागली. १९५७ साली स्वीडनमध्ये इंगा मारी निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना प्लाझ्मापासून, म्हणजे रक्ताच्या द्रव भागापासून, तयार केलेला एक अंश दिला आणि रक्तस्राव आटोक्यात आला. प्लेटलेट पुरेशा होत्या. त्यांना जखमेवर धरून ठेवणारे प्रथिन प्लाझ्मात कमी होते.

येथे एक मत आग्रहाने मांडतो. पाळीत फार रक्त जाणाऱ्या मुलींना आपल्या घरांत 'असे होतेच' म्हणून गप्प बसवले जाते, आणि हिमोग्लोबिन कमी आले की लोहाच्या गोळ्या देऊन विषय संपवला जातो. शाळेच्या आरोग्य तपासणीत उंची-वजनाबरोबर मुलींना पाळीविषयी, आणि दात काढल्यावर रक्त किती वेळ वाहिले याविषयीही विचारले गेले पाहिजे.

हेच चिकटणे चुकीच्या जागी झाले, तर हृदयविकाराचा झटका येतो. धमनीत साचलेला चरबीचा थर फुटतो, खालचा भाग उघडा पडतो, आणि प्लेटलेट त्यालाही जखमच समजून तेथे गोळा होतात. अँजिओप्लास्टीत धमनी उघडी ठेवायला बसवलेल्या स्टेंटच्या, म्हणजे बारीक जाळीच्या नळीच्या, धातूवरही त्या चिकटू पाहतात, म्हणूनच नवे अस्तर चढेपर्यंत ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेलसारखे दुसरे औषध देतात. प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे ॲस्पिरिनने एकदा निकामी केलेले तिचे एन्झाइम ती पुन्हा तयार करू शकत नाही. सात ते दहा दिवसांच्या तिच्या आयुष्यात तो परिणाम कायम राहतो. त्यामुळे स्टेंट बसवलेल्या कोणी दात काढायचा म्हणून या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. दंतवैद्याला त्यांची नावे सांगावीत आणि आधी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. नमस्कार.