पत्रात म्हशीचं लिहा

(साताऱ्याजवळच्या एका गावात, सैन्यात नुकत्याच भरती झालेल्या मुलामुलींच्या घरच्या मंडळींसमोर एका निवृत्त सुभेदारांनी केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)

मंडळी, राम राम.

सरपंचांनी मला विषय दिला होता ‘सैनिक आणि संस्कार’. तो मी बाजूला ठेवतो. संस्कार करायला तिकडं माणसं बसलेली आहेत, पहाटे पाचापासून करतात. मला आज तुमच्याशी पत्रांबद्दल बोलायचंय.

या महिन्यात आपल्या वाडीवस्तीतली पोरं काळ्या ट्रंका घेऊन गेली. बरीचशी बेळगावला मराठा सेंटरला, कुणी नाशिकरोडला तोफखान्यात, एक नगरला रणगाड्यांत, आणि एक लेक बंगळूरला मिलिटरी पोलिसात. गेल्या आठवड्यापासून मला रस्त्यात गाठून एकच प्रश्न येतोय, ‘सुभेदार, पोराला खायला काय पाठवू?’ मी म्हणतो, वहिनी, खायचं राहू द्या, दोन ओळी लिहा. तर हसतात. म्हणतात, आता फोन असताना पत्र कोण लिहितंय!

फोन आहे, पण त्याच्या खिशात नाही. ट्रेनिंगमध्ये मोबाइल जमा असतो. सेंटरप्रमाणं नियम वेगळा, पण बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा थोडा वेळ मिळतो. त्या दहा मिनिटांत काय होतं ते तुम्हीच आठवा. ‘जेवलास का?’ ‘हो.’ ‘बरा आहेस ना?’ ‘हो.’ ‘काळजी घे रं.’ मग फोन बापाकडं. बाप खाकरतो, ‘पाऊस आहे का तिकडं?’ विचारतो आणि फोन परत आईकडं. संपली दहा मिनिटं. पोरगं बॅरेकमध्ये येतं ते आईचा भरून आलेला आवाज तेवढा घेऊन. हातात काही नाही. पत्र कसं, ट्रंकेच्या झाकणाच्या आत राहतं, हवं तेव्हा काढून वाचता येतं.

मी बेळगावला साडेतीन वर्षं उस्ताद होतो. रंगरुटांना शिकवतो त्या हवालदाराला तिकडं उस्ताद म्हणतात. डाक कशी वाटली जाते ते सांगतो. संध्याकाळी रोल कॉलला अख्खी कंपनी उभी. हवालदार मेजर दुसऱ्या दिवसाचे हुकूम सांगतो, ड्रेस कुठला, फायरिंगला कोण, फटीगला म्हणजे झाडलोट-ओझ्याच्या कामाला कोण. मग पत्रांचा गठ्ठा काढतो आणि नावं पुकारतो. नाव आलं की पोरगं पळत येतं. दिवसभर रगडा, म्हणजे पळापळीची शिक्षा, खाल्लेला असतो, गुडघे सोललेले असतात, पण त्या वीस पावलांत कुणी लंगडत नाही. ज्याचं नाव येत नाही तो आपल्या बुटांकडं बघत उभा असतो. उस्तादाला सगळं दिसतं, फक्त तसं दाखवायचं नसतं.

आता मला तिथंच कळलेली एक गोष्ट सांगतो. पत्र आलं म्हणून पोरगं हसेलच असं नाही. पत्र आल्यावर रात्री पांघरुणात तोंड घालून रडलेली पोरंही मी पाहिलीत. पुढं रुळली की बोलता बोलता सांगायची, उस्ताद, त्या पत्रात असं असं होतं. ‘तू गेल्यापासून घर खायला उठतं.’ ‘तुझ्या ताटाकडं बघितलं की घास उतरत नाही.’ ‘बांधावरून भावकीनं पुन्हा भांडण काढलंय, तू असतास तर.’ आईनं मायेनंच लिहिलेलं असतं. पण सतरा-अठरा वर्षांचं पोर, अडीचशे किलोमीटरवर, पायाला फोड आलेले, डोक्याचा गोटा केलेला. त्यानं त्या बांधाचं काय करायचं?

हल्ली त्यात एक भर पडलीय. २०२२ पासून अग्निवीर म्हणून भरती होते, चार वर्षांची. चार वर्षांनी त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होतात, हे आता घराघरांत पाठ आहे. म्हणून बाप लिहितो, ‘पंचवीस टक्क्यांत यायलाच पाहिजेस, घराकडं बघ.’ अहो, त्याला अजून डावा-उजवा पाय जमेना! पहिले सहा आठवडे तर असलं काही कळवूच नका. त्या दिवसांत पोरगं रोज रात्री मनातल्या मनात बिस्तरा बांधतं आणि रोज पहाटे सोडतं.

मग लिहायचं काय? म्हशीचं लिहा.

मी चेष्टा करत नाही. माझ्या प्लाटूनमध्ये कोरेगाव बाजूचं एक पोरगं होतं. पहिल्या महिन्यात पार खचलेलं, जेवण टाकायचं. त्याला घरून आंतरदेशीय पत्र आलं, आजीनं सांगितलेलं आणि शाळेत जाणाऱ्या बहिणीनं लिहिलेलं. आंतरदेशीयाची खोड तुम्हाला माहीत आहे. जागा संपली की आपण डिंकाच्या पट्टीपर्यंत लिहीत जातो. ह्यानं घाईत नखानं पत्र उघडलं आणि खालची ओळ फाटली. शिल्लक राहिलं ते एवढंच: ‘म्हैस व्याली. रेडकू झालं. काळंकुट्ट आहे, डोळे वटारून बघतं, सकाळपासून नुसतं ओरडतं, म्हणून आजीनं त्याचं नाव’ आणि पुढचा कागद गेलेला.

झालं! अख्खी बॅरेक त्या रेडकाच्या नावामागं लागली. त्यात सिंधुदुर्गातली पोरं, बीडची, बुलढाण्याची. एकमेकांची बोली धड कळत नव्हती, पण ह्या एका गोष्टीवर सगळ्यांची मतं होती. कुणी म्हणे काळू, कुणी म्हणे भैरू. पोरानं घरी कार्ड टाकलं, उत्तर यायला दोन आठवडे गेले. त्या दोन आठवड्यांत ते पोरगं जेवायला लागलं, कारण लंगरमध्ये जाईल तिथं त्याला कुणीतरी विचारायचं, ‘काय, लागला का पत्ता?’

पुढचं मला फार वर्षांनी कळलं, त्याच्या लग्नाला गेलो तेव्हा. रेडकाचं नाव आजीनं ठेवलं होतं ‘उस्ताद’. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या साली ड्रिलच्या मैदानावर मी आवाज चढवला की मागच्या रांगेतून कुणीतरी बारीक आवाजात रेकायचं. कोण ते सापडेना म्हणून मी दर वेळी सगळ्या प्लाटूनला रगडा दिला होता.

(हशा)

तर सांगायचं असं की पत्रात उपदेश नको, गावातलं घडलेलं लिहा. पुसेगावच्या यात्रेत मामाची चप्पल हरवली आणि तो दुसऱ्याची घालून आला, हे लिहा. आल्याचा भाव लिहा, पण पडला म्हणून रडू नका. व्यापारी आणि आप्पा कसे भांडले ते लिहा. शर्यतीत कुणाचा बैल भलतीकडंच पळाला ते लिहा. धाकट्या पोराला म्हणावं चित्र काढ. माझ्या पुतणीनं भावाला हेलिकॉप्टर काढून पाठवलं होतं, त्याला खाली बैलगाडीची चाकं होती.

एक मावशी होती, ती प्रत्येक पत्राच्या शेवटी कोडं घालायची आणि उत्तर पुढच्या पत्रात द्यायची. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ असली आपली जुनीच. जीभ, हे सगळ्यांना येतं. पण पुढची पुढची अवघड यायची आणि रविवारी बूट पॉलिश करताना दहा-बारा डोकी त्यावर भांडायची. पत्र एकाला यायचं आणि करमणूक बॅरेकची व्हायची. म्हणून पत्रावर नंबर टाका, एक, दोन, तीन. डाक कधीकधी मागंपुढं पोचते. उत्तर आधी आणि कोडं नंतर असं व्हायला नको.

आता थोडं अवघड बोलतो. आनंदाचं लिहा म्हणजे खोटं लिहा, असा अर्थ काढू नका. मी भरती झालो तेव्हा गावात एकच फोन होता. माझे वडील बैलाच्या धडकेनं पडले, मांडीचं हाड मोडलं, तीन महिने खाटेवर होते. घरून मला पत्रं येत होती, ‘सर्व खुशाल, तात्या शेतावर जातात.’ सुटी संपवून आलेल्या शेजारच्या गावच्या जवानाकडून मला खरं कळलं. राग तर आलाच, पण त्याहून वाईट म्हणजे पुढं दोन वर्षं घरचं कुठलंही पत्र मला खरं वाटेना. ‘खुशाल’ शब्द आला की छातीत धडधडायचं. घरच्यांनी चांगल्या मनानं केलं, आणि माझं पत्र वाचण्याचं सुख घालवलं.

तेव्हा घरात काही गंभीर झालं तर ते पत्रातून गोड करून पाठवू नका आणि लपवूही नका. कंपनी ऑफिसचा फोन नंबर घेऊन ठेवा, तिथं कळवा. साहेब त्याला बसवून नीट सांगतील, सोडण्यासारखं असेल तर सोडतील. पण मेहेरबानी करून खरं असेल तेव्हाच. आमच्या वेळी तारा यायच्या, ‘मदर सिरियस, कम सून’. दिवाळीला सिरियस, यात्रेला सिरियस, चुलत बहिणीच्या लग्नाला हमखास सिरियस. एकाची आई वर्षात तीनदा अत्यवस्थ झाली आणि कसम परेडला, म्हणजे ट्रेनिंग संपताना शपथ घेतात त्या परेडला, नऊवारी नेसून टवटवीत हजर! त्यामुळं खऱ्या तारेचीही खातरजमा करायची पद्धत पडली, आणि ज्याची आई खरंच जात होती तो अडकला. २०१३ च्या जुलैत तारसेवाच बंद झाली. ती सवय गेली का, ते तुम्ही सांगा.

आता पत्ता. हसू नका, निम्मी पत्रं इथंच मरतात. मराठा सेंटरला ‘रिक्रूट जाधव’ असं लिहून पाठवाल तर एका कंपनीत सात जाधव निघतील. शिंदे, पवार, मोरे, हीच गत. आधी त्याचा फौजी नंबर, मग हुद्दा, नाव, मग प्लाटून, कंपनी, सेंटर आणि पिनकोड. पोरानं पहिल्या फोनवर हे सांगितलं नसेल तर पुढच्या वेळी ‘जेवलास का’च्या आधी तेवढं लिहून घ्या. नावं सारखी, गावं सारखी, हीच अडचण साऱ्या देशाच्या डाकेला होती, म्हणून १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. ज्यांनी तो आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, संस्कृतात कविता करणारे. त्यांच्या आखणीत पहिला आकडा नऊ असला की ती फौजेची डाक. ट्रेनिंग संपून पोरगं पलटणीत गेलं की तुमच्या हातात तसा पत्ता येईल, ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. त्यात गावाचं नाव नसतं. ‘पण तो आहे कुठं?’ असं पत्रात विचारू नका, आणि त्यानं फोनवर सांगितलं तरी पाकिटावर लिहू नका. तेवढ्यासाठीच तर ते आकडे आहेत.

आपल्या तालुक्यात अपशिंगे आहे, अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. तेव्हाच्या आयांना वाचता येत नव्हतं. पत्र आलं की मास्तर नाहीतर पोस्टमन पारावर वाचणार आणि सगळी आळी ऐकणार. आणि फ्रान्समधून हिंदुस्थानी शिपाई जे लिहायचे ते आधी गोरा सेन्सॉर वाचायचा. त्यातही पोरं हुशार. ‘काळी मिरी संपत आली, आता तांबडी वापरतात’ असं कुणी लिहायचं. काळी म्हणजे आपले शिपाई, तांबडी म्हणजे गोरे. हे मी एवढ्याचसाठी सांगतोय की आज तुमचं पाकीट पारावर फुटणार नाही. अक्षर वाईट आहे, शुद्धलेखन येत नाही, म्हणून लाजू नका. माझी आई ‘आशीर्वाद’ शब्द आयुष्यात दोनदा सारखा लिहू शकली नाही.

पार्सलचं थोडक्यात. आधी सेंटरला विचारा, खाण्याचं चालतं का ते. चालत असेल तरी लाडू-चिवडा बेतानं. साताऱ्याचे कंदी पेढे पाठवाल, आणि ते तुमच्या लेकाला किती मिळतील? एक. तोही नशीब असेल तर. हरकत नाही, वाटून खाणं हाही तिथला धडा आहे. पण उन्हाळ्यात खव्याचं काही नको. आणि ज्यांच्या सोयरिकी ठरल्यात त्यांना सांगा, गुलाबी पाकीट नको, अत्तर तर मुळीच नको. वास लांबून येतो. मी स्वतः एका पोराला ते पाकीट दातांत धरून मैदानाला फेरी मारायला लावलीय. आज मला ते बरोबर वाटत नाही, पण तेव्हाचे उस्ताद तसेच होते आणि आताचे काही फार वेगळे नसतील.

उत्तराची वाट बघू नका. पोराला बसायला वेळ नसतो, आणि बसला की झोपतो. प्रत्येक पत्रात आपला पत्ता घातलेलं एक कोरं पोस्टकार्ड घाला. पन्नास पैशांचं कार्ड. त्यानं ‘बरा आहे’ एवढं लिहून टाकलं तरी पुष्कळ. नाही आलं तरी तुमचं पुढचं पत्र वेळेवर गेलं पाहिजे, आठवड्याला एक. आई दमली तर भाऊ लिहील, भाऊ दमला तर शेजारी. बापांनो, तुम्हीसुद्धा. ‘पाऊस आहे का’ हे पत्रातून विचारलं तरी चालेल.

बास. पुढं बोलत बसलो तर संस्कारांवर येईन.

येताना मी पोवई नाक्यावरच्या पोस्टातून पन्नास आंतरदेशीय आणलीत, अडीच रुपयांना एक. शाळेतून पेनं मागवलीत. सतरंजीवरून उठू नका, इथंच लिहा, मी उद्या एकगठ्ठा टाकतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी ह्या नववीतल्या पोरींना सांगा, त्या लिहितील. सांगताना रडायचं नाही, पोरी तेही लिहून टाकतात. आणि वहिनी, ते डिंकाच्या पट्टीजवळ काही लिहू नका.