योसेफ पिलाताकडे जातो

बंधुभगिनींनो, अरिमथाईकर योसेफाबद्दल शुभवर्तमान लिहिणारा योहान आडपडदा ठेवत नाही. हा येशूचा शिष्य होता, पण यहूदी पुढाऱ्यांच्या भीतीने गुप्त. त्याच्या जोडीला निकदेम, पूर्वी रात्री येशूकडे येऊन गेलेला. दोघेही वरच्या वर्तुळातले.

त्यांना भित्रे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण येशूला ख्रिस्त म्हणणाऱ्याला सभास्थानातून, म्हणजे यहूद्यांच्या प्रार्थनागृहातून, घालवून द्यायचे, असे ठरलेच होते. सभास्थान तुटले की समाजही तुटला. योहान तरीही त्यांची गय करत नाही. १२व्या अध्यायात तो म्हणतो की, अधिकाऱ्यांपैकीही पुष्कळांनी विश्वास ठेवला, पण बोलून दाखवला नाही, कारण देवाच्या गौरवापेक्षा त्यांना माणसांकडचा गौरव प्रिय होता. त्यांच्या भीतीमागे मानमरातब होता, हे त्याने नेमके हेरले आहे.

निकदेमाने एकदा पुढाऱ्यांसमोर तोंड उघडले होते. माणसाचे ऐकून घेतल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते का, असे त्याने विचारले. प्रश्न रास्त होता, आणि बेतशीरही. आपण येशूचे आहोत हे न सांगता येशूची बाजू घेता येते. आपल्यातल्या सुशिक्षितांना ही वाट फार आवडते. "तुम्हीही गालीलातले काय?" एवढा एक टोमणा आला. त्यावर निकदेम काही बोलल्याचे लिहिलेले नाही.

मग तो शुक्रवार. सकाळी येशूला रोमी सुभेदार पिलाताकडे आणणारे यहूदी न्यायसभेचे लोक त्याच्या वाड्याच्या आत गेले नाहीत. विटाळ झाला तर वल्हांडण सणाचे भोजन चुकले असते. दिवस कलताना त्याच न्यायसभेतला योसेफ धैर्याने पिलाताकडे गेला. त्याने मागितले काय, तर येशूचे प्रेत. प्रेताला शिवणारा सात दिवस अशुद्ध, असे जुन्या करारातल्या गणना या ग्रंथाचा १९वा अध्याय सांगतो. अशा माणसाने वल्हांडण महिनाभराने पाळावा, अशी सोय त्याच ग्रंथात आहे. म्हणजे सगळे यरुशलेम सणाला बसले असताना हे दोघे बाहेर राहणार, आणि का, ते सर्वांना कळणार.

शिवाय "यहूद्यांचा राजा" अशी पाटी लावून मारलेल्या माणसाचे प्रेत मागायचे! क्रूसावरची प्रेते रोमी लोक पुष्कळदा तशीच टांगून ठेवत. ती कधी नातलगांच्या हाती पडतही असत: १९६८ साली यरुशलेममध्ये एका अस्थिपात्रात, म्हणजे मृताची हाडे ठेवायच्या पेटीत, टाचेचे हाड सापडले, त्यात खिळा तसाच होता. पण योसेफ नातलगही नव्हता. पिलाताने आधी शताधिपतीकडून, म्हणजे रोमी सैन्याधिकाऱ्याकडून, मृत्यूची खात्री करून घेतली, मगच शरीर दिले.

खर्चाचेही बघा. कबर योसेफाची स्वतःची, खडकात खोदलेली, नवी. निकदेमाने आणलेले गंधरस आणि अगरूचे मिश्रण आजच्या मापाने ३० किलोंच्या वर भरते. एवढे ओझे शहरातून लपवून नेता येत नाही.

मला सर्वांत जास्त बोचते ती वेळ. येशूकडून पाच हजारांना भाकर मिळाली तेव्हा, होसान्नाच्या जयघोषात, पुढे येणे स्वस्त होते. हे दोघे आले ते सगळे हरल्यावर. बारा शिष्यांपैकी बहुतेक पळालेले, पेत्राने तीनदा नाकारलेले. मेलेला माणूस ना पदवी देणार, ना चमत्कार करणार. त्यांना पुनरुत्थानाची अपेक्षा होती असे कुठेही म्हटलेले नाही. कुणी ते त्यांच्या पदरात घालू लागले, तर मी हात धरीन. त्यांनी जे केले ते परतफेडीची आशा नसताना केले.

उशीर झाला होता का? झाला होता. लूक म्हणतो, सभेच्या निर्णयाला योसेफाची संमती नव्हती. पण त्याने तिथे उभे राहून विरोध केला का, ते लूक सांगत नाही. मत मनात राहिले असेल, तर त्याने खटल्याचा निकाल तसूभरही हलला नाही. उघडपणे केलेल्या कामाचा परिणाम मात्र झाला. मग्दालीया मरीया आणि योसेची आई मरीया यांनी शरीर कुठे ठेवले ते पाहून घेतले. म्हणूनच आठवड्याच्या पहिल्या दिवशी, पहाटे, कोणत्या कबरेकडे जायचे हे त्या स्त्रियांना माहीत होते.