वजनकाट्याने मोजलेला हृदयाचा व्यायाम

मंडळी, कार्डिओने, म्हणजे चालणे, धावणे, चढणे अशा हृदयाचे ठोके वाढवणाऱ्या व्यायामाने, वजन उतरते का, या आजच्या विषयाची सुरुवात मी सिंहगडापासून करणार आहे, कारण समोर बसलेल्यांपैकी अनेक जण रविवारी पहाटे आतकरवाडीहून गड चढतात आणि सोमवारी सकाळी वजनकाट्यावर उभे राहून खट्टू होतात. ही चढण उंचीच्या हिशेबाने सुमारे 600 मीटर आहे. 70 किलो वजनाचा माणूस तेवढा वर गेला, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध झालेले काम शाळेतल्या सूत्राने जेमतेम 100 किलोकॅलरी भरते. स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी पाचवा ते चौथा हिस्साच कामी लावतात आणि बाकीची उष्णतेच्या रूपाने निघून जाते, त्यामुळे शरीराचा प्रत्यक्ष खर्च 400 ते 500 किलोकॅलरींच्या घरात जातो. आता गडावरची पंगत आठवा. कांदाभजी, पिठले, दोन भाकरी, ठेचा आणि मडक्यातले दही एवढे पोटात गेल्यावर त्या चढणीची कमाई जागच्या जागी फिटते आणि वर थोडी उधारीही होते. एक किलो चरबीत साधारण 7,700 किलोकॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे वर काहीही जादा न खाता सोळा-सतरा वेळा गड चढावा, तेव्हा कागदावर एक किलो उतरतो.

मी 'कागदावर' म्हटले ते मुद्दाम. व्यायामाच्या यंत्रावर दिसणारा कॅलरींचा आकडा सरळ वजनातून वजा होतो, असे आपण धरून चालतो. त्या आकड्यात, नुसते बसून राहिलो असतो तरी जी ऊर्जा खर्च झाली असती, तीही बहुधा मिळवलेली असते. 70 किलोच्या माणसाने ताशी 5 किलोमीटर वेगाने तासभर चालून सुमारे 240 किलोकॅलरी खर्च केल्या, तर त्यांतल्या 70 घरी बसूनही खर्च झाल्याच असत्या. चालण्याची खरी कमाई राहिली 170, आणि एका वडापावात सुमारे 300 असतात.

याहून मोठी गोम पुढे आहे. हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातील हाड्झा या शिकार करून व कंदमुळे गोळा करून जगणाऱ्या लोकांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च मोजला आणि 2012 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही माणसे रोज मैलोगणती चालतात, जमीन उकरतात, झाडांवर चढतात. तरीही शरीराचे आकारमान लक्षात घेतल्यावर त्यांचा एकूण खर्च खुर्चीत बसून काम करणाऱ्या पाश्चात्त्य माणसाच्या खर्चाहून वेगळा आढळला नाही. हालचाल सतत वाढलेली राहिली, की शरीर दुसरीकडे काटकसर करते, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. ही काटकसर किती आणि कोणात, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे. पण सकाळी धावून आलेला माणूस दिवसभर लिफ्टची वाट पाहत उभा राहतो, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही.

घामाचा गैरसमज थोडक्यात आटोपतो. प्लास्टिकचे जाकीट घालून धावल्यावर किलोभर कमी दिसते ते पाणी असते आणि दोन तांबे पाणी प्यायल्यावर ते परत येते. उपाशीपोटी केलेल्या व्यायामाबद्दलची श्रद्धाही फारशी टिकत नाही. 2014 मध्ये 20 तरुण स्त्रियांवर चार आठवड्यांचा एक प्रयोग झाला. सगळ्यांचा आहार सारखाच कमी केलेला होता. निम्म्या उपाशीपोटी व्यायाम करत, निम्म्या खाऊन. चरबी दोन्ही गटांत उतरली, पण त्या उतरण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. व्यायाम जिथे होतो तिथली चरबी झडते, हा समज तर 1971 मध्येच तपासला गेला होता: टेनिसपटूंचा खेळणारा हात दुसऱ्या हातापेक्षा भरदार निघाला, परंतु त्वचेखालच्या चरबीची जाडी दोन्ही हातांवर सारखीच होती. पोटाच्या व्यायामाने पोट उतरवण्याची आशा धरणाऱ्यांनी हे हात लक्षात ठेवावेत.

मग हा व्यायाम करायचा कशासाठी? 'कार्डिओ' या शब्दातच हृदय आहे, पण आपण त्याची परीक्षा घेतो वजनकाट्याने, हे मला नेहमी विचित्र वाटते. जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे कर्मचारी अभ्यासले. चालक दिवसभर बसून आणि वाहक दिवसाला 500 ते 750 पायऱ्या चढणारा. बाकी दोघांचे राहणीमान बहुतांशी एकच. 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. त्यावर साहजिकच शंका निघते, की मुळात जाडे लोकच चालक होत असतील. मॉरिस यांनी गणवेशाच्या नोंदी तपासल्या आणि चालकांच्या विजारी कमरेत खरोखरच मोठ्या निघाल्या, नोकरीच्या आरंभीच्या वयातही. म्हणजे शंका बिनबुडाची नव्हती. पण त्यापुढच्या अभ्यासात कमरेच्या मापानुसार बारीक, मध्यम आणि स्थूल असे गट पाडून पाहिले, तेव्हा तिन्ही गटांत अचानक हृदयमृत्यूचे प्रमाण वाहकांमध्येच कमी होते. स्थूल वाहकाची विजार मोठीच राहिली, तरी जिन्याचा लाभ त्याला मिळतच होता.

आपल्याकडच्या शरीरांबाबत वजनकाटा आणखीच आंधळा ठरतो. 2004 मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र आणि आकडे प्रसिद्ध केले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, 22.3, म्हणजे तंतोतंत सारखा. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. नियमितपणे वेगाने चालण्या-धावण्याने पोटातील, म्हणजे आतड्या-यकृताभोवतीची चरबी कमी होऊ शकते, वजन हलले नाही तरीही. आणि मधुमेहाच्या दृष्टीने घातक असते ती हीच चरबी. म्हणून तीन महिने चालूनही काटा तसूभर हलला नाही, या कारणाने चालणे सोडणाऱ्या माणसाने, माझ्या मते, मिळत असलेली गोष्ट न मोजताच टाकून दिलेली असते.

वजन उतरवायचेच असेल तर त्याची मुख्य जागा ताट आहे. उतरलेले वजन टिकवण्याच्या कामी मात्र व्यायाम बराच उपयोगी पडतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते, आणि सोबत दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. मध्यम म्हणजे चालताना बोलता येईल, गाता येणार नाही. घरी मोजायला शिंप्याची टेप पुरते: सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर या मर्यादा धरल्या जातात.