खसखशीएवढा बुध

(कापसाच्या खोलीचं दार आतून लागतं. काळोख. मग कागदावर उजेडाचं वर्तुळ.)

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. नोव्हेंबर, दुपारचे साडेतीन. खोलीत अर्ध्यावर कापूस भरलाय, त्याच्यापुढे खुर्ची, खुर्चीला टेकवलेला पांढरा ड्रॉइंग पेपर. त्या कागदावर हळूहळू सरकतोय, तो सूर्य आहे.

पश्चिमेच्या खिडकीत ६० मिलिमीटर रुंद भिंगाची जुनी दुर्बीण लावली आहे. स्टँडचा एक पाय मोडका होता, म्हणून काकांनी पाण्याच्या मोटारीतलं एक बेअरिंग बसवून नवं स्टँड केलं. काकांचं गावात रिवाइंडिंगचं दुकान आहे. वावरातली मोटार जळली की अख्खा शिवार त्यांच्याकडे येतो. आणि शाळा सुटली की पोरं येतात.

(नळीची सावली भिंतीवर, जवळून.)

आता ही सावली पाहा. सूर्याकडे कोणी बघायचंच नाही, हा इथला पहिला नियम. नेम धरायचा तो सावलीवर. सावली लांबट पडली म्हणजे नळी तिरपी आहे. नळी फिरवत फिरवत सावली आखडत आणायची. ती नळीच्या तोंडाएवढी गोल झाली की सूर्य आपसूक आत येतो आणि मागच्या भिंगातून कागदावर उतरतो. नेम धरायची छोटी दुर्बीण काकांनी केव्हाच काढून टाकली, एखाद्या पोरानं चुकून डोळा लावायला नको म्हणून. मागचं भिंगही काचेचंच हवं. इतक्या उन्हात प्लास्टिकचं तडकतं, वितळतं.

"नळीत डोया लावू नोको बरं!" हे वाक्य चित्रीकरणात आम्ही किती वेळा ऐकलं, त्याला गणती नाही.

१९९५ च्या दिवाळीतलं ग्रहण काकांनी एक्स-रेच्या फिल्ममधून पाहिलं होतं. डाव्या डोळ्याला तेव्हापासून मधोमध काळा ठिपका दिसतो. फोकस ठरवायला ते पोरींना बोलावतात.

(सहावीतली मुलगी कागद धरून.)

ही मुलगी कागद हलवते आहे, मुद्दाम. कागदाचा खरखरीतपणा, त्यावरची धूळ कागदाबरोबर हलते. सूर्यावरचा डाग हलत नाही, जागच्या जागी राहतो. "काका, हा कागदातला नोहे, सूर्यातलाच होय." मग पेन्सिल. डागाभोवती बारीक गोल, शेजारी वेळ. पृथ्वी फिरते, त्यामुळे साधारण दोन मिनिटांत सूर्य स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. कागदावरून निसटू लागला की काका बोटानं नळी किंचित ढकलतात. बेअरिंगचा आवाजसुद्धा येत नाही.

फोटो मोबाइलवरच काढायचा. स्क्रीनवर सूर्याला बोट लावून उजेड कमी करायचा, नाहीतर सगळं पांढरंफेक येतं. आणि मोबाइल होईल तितका कागदाच्या समोर धरायचा, तिरपा धरला की सूर्य अंड्यासारखा दिसतो.

हा सगळा सराव आहे बुधाचा. १३ नोव्हेंबर २०३२ ला बुध सूर्यासमोरून जाणार आहे. दुपारी बाराच्या थोडं पुढे तो कडेला टेकेल, साडेचारनंतर बाहेर पडेल. म्हणजे मावळतीच्या आधी सगळा सोहळा आपल्या विदर्भातून दिसणार. बाराचा सूर्य या खिडकीत येत नाही, त्यासाठी अंगणात टीव्हीच्या खोक्याची काळी पेटी तयार होते आहे.

(पाकिटातून काढलेला जुना फोटो.)

हा ६ जून २०१२ चा शुक्र. सूर्य उगवला तेव्हाच तो त्याच्यावर होता, दहा-सव्वादहाला बाहेर पडला. मृगाच्या तोंडावर आभाळ मोकळं मिळालं, एवढं नशीब. वीतभरापेक्षा थोड्या लहान सूर्यावर मिऱ्याच्या दाण्याएवढा शुक्र. पुन्हा तो २११७ सालीच असा दिसेल. आणि हा दुसरा, ९ मे २०१६ चा बुध. पावणेपाचला सुरू झाला, पण मे महिन्याच्या झळांनी सूर्याची कड उकळल्यासारखी थरथरत होती. तितक्याच मोठ्या सूर्यावर बुध खसखशीएवढा. बऱ्याच फोटोंतून हा एकच निघाला, ठिपक्याभोवती काकांनी लाल पेनानं गोल केलाय.

सूर्यडागाला फिकट किनार असते. बुधाला नसते, तो काळाकुळकुळीत, काटेकोर गोल, आणि तासातासाला पुढे गेलेला. १६३१ च्या नोव्हेंबरात पॅरिसला पिएर गासेंदी या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं बुध असाच दुर्बिणीतून पांढऱ्या पडद्यावर उतरवून पाहिला होता, आणि त्यालाही आधी तो डागच वाटला. वीस वर्षांनी जेरेमी शेकर्ली या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं बुधाचं अधिक्रमण, म्हणजे हेच सूर्यासमोरून जाणं, पाहिलं ते सुरतेहून. काकांच्या खोलीतली रीत गासेंदीचीच आहे. एक दुर्बीण, एक कागद, एक अंधारी खोली. प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत हे झालं पाहिजे. ग्रहण आलं की पोरांना घरात कोंडणाऱ्या गावांत तर आधी झालं पाहिजे.

(भिंत. मोटारींच्या हिशेबाशेजारी खडूनं लिहिलेली तारीख.)

१३ नोव्हेंबर २०३२. खाली 'शनिवार', दोनदा अधोरेखित. शनिवारी सकाळची शाळा असते. बुध सूर्याला टेकेल तेव्हा पोरं दप्तरं घेऊन घरच्या वाटेला लागलेली असतील. त्या दिवशी त्यांना थांबवून घ्यायचं, हे काकांनी शाळेतल्या मॅडमना आत्ताच सांगून ठेवलंय.

(सूर्य कागदाच्या कडेला पोचतो. बोट नळीला लागतं. सूर्य पुन्हा मधोमध.)