नाव लिहिलं, पुढे काय? स्वयंसेवक मेळाव्याची तयारी

[दृश्य: रिकामं सभागृह. भिंतीला टेकवलेली, पाय दुमडलेली टेबलं. दोघं जण टेप धरून फरशीवर खडूने खुणा करताहेत.]

निवेदन:

उद्या इथे स्वयंसेवक मेळावा आहे. परिसरातल्या २० संस्था एका छताखाली बसतील. आठवड्यातले दोन-चार तास द्यायची इच्छा आहे पण नेमकं कुठे जायचं हे ठाऊक नाही, अशी माणसं त्यांना येऊन भेटतील.

सभागृह ६५ फूट लांब, ४० फूट रुंद. चारही भिंती मिळून २१० फूट. सहा फुटी टेबल आणि मागे जायला-यायला दोन फूट, असे एका संस्थेला आठ फूट. वीस संस्थांना १६०. उरलेले ५० फूट दारांत आणि कोपऱ्यांत जातात. एकविसावी संस्था घ्यायची तर तिला मधोमध बसवावं लागेल, आणि मधली जागा लोकांना फिरायला हवी. तेव्हा तिला आत्ताच नम्रपणे नाही सांगितलेलं बरं.

किती माणसांना बोलवायचं, हेही टेबलांवरूनच ठरतं. एका टेबलावर संस्थेचे दोघं. एका माणसाशी नीट बोलायला सहा मिनिटं लागतात. तीन तासांच्या मेळाव्यात एकाच्या वाट्याला ३० भेटी येतात, पण सलग तीन तास कुणी बोलू शकत नाही. निम्म्या धरू. म्हणजे टेबलामागे ३०, आणि वीस टेबलांवर ६०० भेटी. येणारा प्रत्येक जण तीन टेबलांपाशी थांबला, तर हा मेळावा २०० माणसांचा आहे. ५०० जण आले तर सभागृह गच्च भरतं, फोटो छान येतात, आणि बहुतेक लोक कुणाशी बोलणं न होताच हातात पत्रक घेऊन घरी जातात.

[दृश्य: भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक.]

तयारीला बारा आठवडे हवेत. आधी जागा आणि तारीख. ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८५ साली तो ठरवला. मेळावा त्याच दिवशी घ्यावा असं कुणालाही वाटेल, पण संस्थांचे स्वतःचे कार्यक्रम त्या दिवशी असू शकतात. तारीख जाहीर करण्याआधी त्यांना विचारून घ्या. दोन आठवड्यांत निमंत्रणं जातात. प्रसिद्धीला शेवटचे चार आठवडे पुरतात. त्याआधी सांगितलेलं लोक विसरतात. मधला सगळा काळ जातो तो संस्थांकडून कामाची कार्डं लिहून घेण्यात. मेळावा तरतो किंवा बुडतो तो इथेच.

[दृश्य: टेबलावर दोन कार्डं. कॅमेरा अगदी जवळ.]

डावीकडच्या कार्डावर लिहिलंय: “समाजासाठी काही करायचंय? आमच्यासोबत या.”

उजवीकडे: “दर शनिवारी सकाळी ९ ते ११. सात-आठ वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवणे. किमान तीन महिने. वय १८ पूर्ण. आधी दोन तासांचं प्रशिक्षण. जागा ६.”

डावं कार्ड वाचून माणूस मान डोलावतो आणि पुढच्या टेबलाकडे वळतो. उजवं वाचून तो फोन काढतो आणि शनिवार मोकळा आहे का ते बघतो. काम काय, कधी, किती तास, किती महिने, कुठे, वयाची अट कोणती आणि जागा किती, एवढं कार्डावर असलंच पाहिजे. संस्थेला हे लिहिता येत नसेल, तर स्वयंसेवकाला द्यायचं काम तिथे अजून ठरलेलंच नाही. अशा संस्थेसोबत एक तास बसा. बहुतेकदा काम असतं, फक्त ते एकाच कार्यकर्त्याच्या डोक्यात असतं.

प्रत्येक संस्थेकडून निदान दोन कार्डं घ्यावीत: एक नियमित कामाचं, एक फक्त एका दिवसाचं. नोकरी करणारा, लहान मुलं असलेला माणूस पहिल्याच भेटीत तीन महिन्यांचा शब्द देत नाही, आणि द्यायलाही नको. तो एक सकाळ देईल. आवडलं तर परत येईल. हिशेब लिहिणं, भाषांतर, संगणक दुरुस्ती अशी घरबसल्या होणारी कामंही कार्डावर आणा. लोकांना ती सुचत नाहीत, आणि संस्थांना मागायची सवय नसते.

मुलांसोबतच्या कामात ओळख आणि पार्श्वभूमीची तपासणी होते, तिला वेळ लागतो. हे कार्डावर स्पष्ट लिहा. तपासणीचा राग कुणाला येत नाही. आपला अर्ज कुठे अडकलाय हे कुणी सांगत नाही, त्याचा येतो.

[दृश्य: टेबलं मांडली जातात. चाकाची खुर्ची मधल्या वाटेने फिरवून बघतात.]

मांडणीत पहिला प्रश्न असतो दाराजवळ कोणाला बसवायचं. प्राण्यांसाठी काम करणारी संस्था कुत्र्या-मांजरांचे फोटो लावते आणि तिथे हमखास गर्दी होते. ती दाराशी बसली तर दारच अडतं. तिला आत, शेवटच्या भिंतीला बसवा. तिथपर्यंत जाताना लोकांना बाकीच्या टेबलांवरून जावं लागतं. तिच्या शेजारी ज्यांच्याकडे कुणी आपणहून वळत नाही, अशी संस्था द्या. वृद्धांना सोबत देणारी असेल, मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणारी असेल. एकाच प्रकारच्या दोन संस्था मात्र शेजारी नकोत.

चाकाच्या खुर्चीला वळायला पाच फूट मोकळी जागा लागते. लोक उभे असताना ती उरते का, हे आदल्या दिवशीच खुर्ची फिरवून पाहावं. वायर वाटेत आली तर ती चिकटपट्टीने पूर्ण झाकायची, नुसती दोन टोकांना नाही. आणीबाणीच्या दारासमोर टेबल येता कामा नये, मग कितीही जागा वाचत असो.

[दृश्य: पावतीपुस्तकासारखं छोटं नोंदणीपुस्तक. एक हात अर्ज भरतोय.]

आता नोंदणी. टेबलावर एक मोठी वही ठेवायची आणि सगळ्यांनी खालोखाल नाव-नंबर लिहायचे, ही पद्धत सोडा. पुढचा माणूस आधीच्या तीस जणांचे फोन नंबर वाचू शकतो. शिवाय एका वेळी एकच जण लिहितो आणि मागे रांग लागते. त्याऐवजी पावतीपुस्तकासारखी पुस्तकं छापून घ्या. स्थळप्रत संस्थेकडे राहते. तिच्यावर नाव, फोन, कोणतं काम, कोणता वार, आणि संपर्क करायला संमती. पावती माणसाच्या हातात. तिच्यावर संस्थेचं नाव, कोण फोन करणार आणि कोणत्या दिवसापर्यंत. फोन नंबरासाठी प्रत्येक अंकाला वेगळा चौकोन हवा. घाईत लिहिलेला १ आणि ७ दुसऱ्या दिवशी ओळखू येत नाही, आणि मग एक चांगला माणूस कायमचा हातचा जातो. लिहून झाल्यावर नंबर मोठ्याने वाचून खात्री करून घ्यायची.

टेबलामागे दोन पुस्तकं, दोन पॅड, तीन पेनं. पेनं दोऱ्याने बांधलेली. क्यूआर कोड जरूर लावा, पण एका सभागृहात दोनशे फोन आले की नेट रेंगाळतं. कागद हाताशी हवाच.

[दृश्य: मेळाव्याचा दिवस. माणसं आत येताहेत.]

टेबलामागच्या दोन खुर्च्यांवर दोघं बसले की ते एकमेकांशीच बोलू लागतात, आणि समोर आलेला माणूस ‘कशाला मध्ये बोलायचं’ म्हणून पुढे सरकतो. म्हणून एकाने टेबलाच्या पुढे, बाजूला उभं राहायचं. पहिला प्रश्न संस्थेबद्दल नको. “तुम्हाला कोणता वार मोकळा असतो?” एवढं विचारलं तरी बोलणं सुरू होतं.

उद्घाटनाची भाषणं दहा मिनिटांत संपवावीत, तीही दार उघडण्याआधी. मध्येच ध्वनिक्षेपक सुरू झाला की वीस टेबलांवरचं बोलणं एकदम थांबतं, आणि तुटलेलं बोलणं पुन्हा जुळत नाही. छोट्या संस्थेतून एकटाच कार्यकर्ता आलेला असतो. त्याला पाणी प्यायला जाता यावं म्हणून आयोजकांचे दोघं फिरते ठेवावेत.

सभागृहाच्या मध्यभागी एक मार्गदर्शन टेबल हवं. तिथे सगळी कार्डं वारांप्रमाणे लावलेली. सहा जागांसाठी वीस जण आले की संस्थेने उरलेल्यांना ताटकळत ठेवायचं नाही, या टेबलाकडे पाठवायचं. गोंधळून भिंतीशी उभी राहिलेली माणसंही इथलेच कार्यकर्ते हेरतात. अशी माणसं लाजरी असतात, पण शब्दाला पक्की.

[दृश्य: संध्याकाळ. टेबलं दुमडली जाताहेत. एका कोपऱ्यात स्थळप्रती मोजणं चाललंय.]

सभागृह रिकामं झालं आणि मोजदाद सुरू झाली. इथून पुढचे ४८ तास बाकीच्या बारा आठवड्यांइतकेच महत्त्वाचे. रविवारी नाव लिहिलेल्या माणसाला मंगळवार संध्याकाळपर्यंत फोन गेला पाहिजे. फोनवर तीन गोष्टी: काम कोणतं, पहिला दिवस कधी, तिथे भेटणार कोण. पहिला दिवस दोन आठवड्यांच्या आत. उशीर झाला की उत्साह ओसरतो, आणि आपली गरजच नव्हती असं माणसाच्या मनात बसतं. तीव्र इच्छा घेऊन आलेल्या माणसाला असं वाटायला लावणं हे मेळाव्याचं सर्वांत मोठं नुकसान आहे.

बुधवारी सकाळी आयोजक प्रत्येक संस्थेला विचारतात: किती जणांना फोन झाले? ज्यांना झाले नाहीत, त्यांचे फोन मार्गदर्शन टेबलावरचे कार्यकर्ते संस्थेच्या वतीने करतात. संमती घेताना अर्जावर आयोजकांचंही नाव छापलेलं असेल, तरच हे करता येतं.

[दृश्य: आयोजकांची वही. संस्थांची नावं आणि पुढे तीन रकाने.]

पहिला रकाना तिसऱ्या दिवसाचा: किती जणांशी बोलणं झालं. दुसरा तिसाव्या दिवसाचा: किती जण प्रत्यक्ष कामावर आले. तिसरा नव्वदाव्या दिवसाचा: किती जण अजून येताहेत. पहिला रकाना मोठा आणि दुसरा लहान असेल, तर पहिला दिवस कुठे ठरला होता आणि भेटायला कोण थांबलं होतं, ते संस्थेला विचारा. दुसरा ठीक आणि तिसरा रिकामा असेल, तर प्रत्यक्ष काम कार्डावर लिहिलेल्या कामासारखं होतं का, हे पाहा. पुढच्या मेळाव्याचं निमंत्रण लिहिताना हीच वही उघडी ठेवायची.